उपसता येईल त्याच पाण्यात

येवल्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याकडे ठरावीक नजरेनं बघायची सवय लागते. तालुका पर्जन्यछायेतला. पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार आणि टेलच्या गावांपर्यंत पोचणार की नाही, यावर इथल्या कांद्या-मक्याचं गणित बसतं. अशा मुलखात कुठलंही पाणी नुसतं पडून राहिलेलं बघवत नाही. शेततळं खोदलं, त्यात कागद अंथरला, पावसाळ्यात ते भरून घेतलं, की बांधावरून जाणारा पहिला माणूस हटकून विचारतो, "मासे सोडले का नाही?"

शेततळ्यापुरता हा प्रश्न शहाणपणाचाच आहे. पण माणसानं तो तिथेच थांबवला नाही. हिमरेषेजवळच्या, चार-चार दिवस चालून गाठाव्या लागणाऱ्या तळ्यांच्या काठावर उभं राहूनही त्यानं हेच विचारलं, आणि तिथे ट्राउट नेऊन सोडला. त्या ट्राउटची गोष्ट वरवर पाहता आपल्यापासून फार लांबची. आपल्याकडे कळसूबाईची उंची १६४६ मीटर. उन्हाळ्यात सह्याद्रीतले ओढे एक तर आटतात, नाही तर कोमट होतात, आणि ट्राउटला पाणी विसाच्या वर तापलेलं सोसत नाही. महाराष्ट्रात हा मासा जगणार नाही. त्याला पाण्यात सोडायला लावणारी बुद्धी मात्र इथे उत्तम जगते, म्हणून ही गोष्ट नीट पाहायला हवी.

दर वर्षी जुलै ते सप्टेंबरात नाशिक-पुणे-मुंबईकडची कितीतरी मंडळी सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, नुंदकोल, गंगाबळ अशी तळी करत नारानागला उतरतात. तळी साडेतीन हजार मीटरच्या आसपासची. परत आल्यावर फोटोंखाली 'अस्पर्श निसर्ग' असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातल्याच एखाद्या फोटोत कुणीतरी गळ टाकून उभा असतो. मत्स्य विभागाचा परवाना काढून तिथे ट्राउट धरता येतो, आणि धरणाऱ्याला वाटतं, आपण त्या पहाडाचा मासा धरला.

तो पहाडाचा मासा नव्हेच. ब्राउन ट्राउट युरोपचा. काश्मीरसाठी त्याची अंडी इंग्लंडहून १८९९ मध्ये जहाजानं निघाली ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दुसरी खेप आली ती जगली, आणि श्रीनगरात गालिचांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या साहेबानं ती वाढवली. रेनबो ट्राउट त्याहून लांबचा, उत्तर अमेरिकेच्या आणि कामचाटकाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा. निलगिरीत ट्राउट आणायचे प्रयत्न १८६० च्या दशकापासून चालू होते, एच. सी. विल्सन यांना १९०७ च्या सुमारास अ‍ॅव्हेलांच इथल्या उबवणी केंद्रात रेनबोवर यश आलं. त्याच काळात ब्राउन ट्राउट कुलूकडे आणि गढवालातही पोचला. हे सगळं खटपटीचं काम होतं. अंडी बर्फात आणि ओल्या शेवाळात ठेवून महिनाभर समुद्र ओलांडायचा, मग आगगाडी, मग टांगा, मग खेचर. एवढा आटापिटा कशासाठी? घरापासून पाच हजार मैलांवर आलेल्या साहेबाला संध्याकाळी घरच्यासारखा गळ टाकता यावा, यासाठी.

त्या छंदाची थोरवी मी नाकारत नाही. डोंगरातल्या तळ्यावर ट्राउट धरणं हे कसबाचं काम आहे. पाणी इतकं नितळ असतं, की आपल्याला मासा दिसण्याआधी माशाला आपण दिसतो. म्हणून काठावर उभं राहायचं नाही, दगडाआड वाकायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. ओढा जिथे तळ्यात उतरतो ती जागा हेरायची, कारण वाहत्या पाण्याबरोबर प्राणवायू आणि किडे दोन्ही तिथेच येतात. काठचं उथळ हिरवं पाणी जिथे एकदम काळंनिळं होतं, त्या कडेकडेनं मासा गस्त घालत फिरतो. सूर्य कड्याआड गेला, वारा पडला, पाण्यातून किडे वर येऊ लागले, की पृष्ठभागावर एकामागून एक वर्तुळं उठतात. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी त्या वर्तुळाच्या थोडी पुढे, आवाज न करता, ठेवायची. इतकं बारकाईनं पाणी वाचणारा माणूस पाण्याचा शत्रू असू शकत नाही, असंच कुणालाही वाटेल. शत्रू तो नसतोच. अडचण अशी, की तो जे वाचतो त्यातली मूळची पानं आधीच फाटलेली असतात.

ती कशी फाटली, हे सगळ्यांत नीट तपासलं गेलं ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात. हिमनद्यांनी कोरलेली हजारो तळी तिथे आहेत, आणि साधारण १८०० मीटरच्या वरची जवळजवळ सगळी मूळची बिनमाशाची. खालच्या नद्यांतून वर चढणाऱ्या माशांना मधले धबधबे ओलांडता आले नाहीत, इतकं साधं कारण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी खेचरांवर डबे लादून ट्राउट वर न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी विमानंच तळ्यांवरून माशांची पिल्लं ओतत जाऊ लागली. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. तळी रिकामी होती, ती भरली. हौशी लोकांना मासा मिळाला, गावांना पर्यटक मिळाले.

तळी रिकामी नव्हती. त्यांत पिवळ्या पायांचे डोंगरी बेडूक होते, इतके की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या अभ्यासकांनी काठावर चालताना त्यांची झुंबड उडाल्याचं नोंदवलंय. इतक्या थंडीत या बेडकाच्या बेडूकमाशाला बेडूक व्हायला दोन, तीन, कधी चार वर्षं लागतात. तेवढे हिवाळे त्याला पाण्यातच काढावे लागतात. उथळ डबकी तळापर्यंत गोठतात, म्हणून त्याला खोल तळंच हवं. ट्राउटलाही नेमकं तेच हवं. ट्राउट आला आणि वर्षानुवर्षं त्याच पाण्यात अडकून पडलेले बेडूकमासे त्याच्या तोंडी गेले. किड्यांचं तेच झालं. पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारे मेफ्लायसारखे किडे कमी झाले, आणि ते टिपायला तळ्यावर येणारा रोझी फिंच नावाचा डोंगरी पक्षी ट्राउट असलेल्या तळ्यांवर कमी दिसू लागला. मासा पाण्यातला, पण त्याचा हिशेब आकाशापर्यंत गेला.

सिएराच्या राष्ट्रीय उद्यानांत मासे सोडणं १९९० च्या आसपास थांबलं. त्याच दशकात संशोधकांनी उलटा प्रयोग केला. काही तळ्यांत जाळी लावून ट्राउट पूर्ण काढले, शेजारची काही तशीच ठेवली. जिथून ट्राउट गेले तिथे बेडूक थोड्याच वर्षांत कित्येक पटींनी वाढले. पुढे कातडीच्या बुरशीच्या रोगानं या बेडकांची वाताहत केली आणि ती अजून पुरती थांबलेली नाही, तेव्हा सगळं खापर ट्राउटवर फोडणं बरोबर नाही. पण आधीच तुटक-तुटक उरलेल्या जिवाला रोगातून सावरणं जास्त अवघड जातं, हेही खरं. आणि हा प्रयोग शक्य झाला, कारण ती तळी लहान आणि चहूबाजूंनी बंद होती. एका एका तळ्यातून मासा काढायला माणसांना ऋतूंमागून ऋतू जाळी लावावी लागली, तरी तो निघाला. नदीतून तो कुणालाही काढता आला नसता. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

आता घराकडे येतो. आपल्याकडे हिमनदीची तळी नाहीत, पण बिनमाशाचं पाणी आहे, आणि त्याला आपणही रिकामंच समजतो. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं. ऑक्टोबर सरता सरता ते आटतं. त्या तीन-चार महिन्यांत तिथे बोटाच्या पेराएवढा, पाठीवर पडून अकरा जोड्या पायांनी वल्ही मारणारा फेअरी श्रिंप जन्मतो, वाढतो, अंडी घालून मरतो. ती अंडी पुढे धुळीत, उन्हात तापलेल्या कातळावर पडून राहतात आणि पाऊस आला की फुटतात. पश्चिम घाटातल्या अशाच खळग्यांतून स्ट्रेप्टोसिफॅलस सह्याद्रिएन्सिस ही नवी जात २०१४ मध्ये जगापुढे आली. या प्राण्याजवळ माशापासून बचावाचं काहीही साधन नाही. मासा पोचू शकत नाही असं पाणी निवडणं, एवढाच त्याचा बचाव. त्या खळग्यात गप्पी सोडला, की गोष्ट संपली.

आणि गप्पी आपण सोडतो. डासांच्या अळ्या खातो म्हणून गप्पी आणि गंबुशिया हे दोन परदेशी मासे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत भारतात आले, आणि आजही विहिरी, हौद, डबकी यांत ते सोडण्याच्या मोहिमा निघतात. गावातल्या बंद हौदात गप्पी सोडायला माझी हरकत नाही. डेंग्यू ही थट्टा नव्हे. पण ज्या उत्साहानं हौदात, त्याच उत्साहानं ओढ्यात आणि डोंगरावरच्या टाक्यात मासे सोडले जातात, आणि सोडणाऱ्याला आपण समाजकार्य करतोय असं वाटत असतं. कुणी घरातली काचपेटी आवरताना जीव वाचावा म्हणून तिच्यातले मासे देवळाच्या तळ्यात सोडून येतो. हेतू चांगलाच असतो. पाण्याला हेतू कळत नाही.

देवळाच्या तळ्यात काय असू शकतं, याचा दाखला आंबोलीचा आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमावरच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदली गेली, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लोक पिढ्यान्‌पिढ्या जिथे हात जोडत आले, त्या पाण्यात कुणाचं घर आहे हे आपल्याला परवा-परवा कळलं. आधी कुणी भाविकानं तिथे चार परके मासे सोडले असते, तर कळण्यासारखं काही उरलंही नसतं.

आमच्या नाशिक जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. देवळालीजवळच्या दारणा नदीतून एक छोटासा मासा १९३८ मध्ये शास्त्राला माहीत झाला. होरा आणि मिश्रा या अभ्यासकांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रेटर यांच्यावरून त्याला पॅराप्सिलोरिंकस प्रेटेरी हे नाव दिलं. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. जिल्ह्यात किती जणांना हे ठाऊक आहे? येवल्याच्या पैठणीची ओळख सांगायला कुणी लागत नाही. जगात फक्त आपल्या जिल्ह्यातून नोंदलेल्या माशाचं मात्र आपल्याला नावही माहीत नाही. नाव नाही म्हणून तो हिशेबात नाही, आणि हिशेबात नाही म्हणून पाणी रिकामं.

कुणी म्हणेल, ही परदेशी माशांची भानगड. आपले देशी मासे सोडले तर काय बिघडतं? याचं उत्तर देणारं सगळ्यांत बोचरं उदाहरण मराठी मातीतलंच आहे. निळसर परांचा महाशीर कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरच्या निबंधात शास्त्राला ओळख करून दिला. तो त्यांना मिळाला पुण्याच्या मुळा-मुठेत. पुढे नद्या बांधल्या गेल्या, सांडपाणी मिसळलं आणि हा मासा मागे हटत गेला. तेव्हा लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावाकाठी, १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. त्या कामात महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. काम अव्वल दर्जाचं होतं. एका हटत चाललेल्या जातीला त्यानं तगवलं, याबद्दल वाद नाही.

पण बोटुकली जास्त झाली, मागणी देशभरातून येऊ लागली आणि लोणावळ्याचा महाशीर कर्नाटकात कावेरीपर्यंत पोचला. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता: पाठीला कुबड असलेला, पन्नास किलोपर्यंत वाढणारा, गळ टाकणाऱ्यांच्या दुनियेत दंतकथा झालेला. निळ्या परांचा पाहुणा तिथे भराभर वाढला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. आज कुबडवाला महाशीर, टॉर रेमादेवी, २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. धरणं, वाळूउपसा, सुरुंगानं केलेली मासेमारी यांचाही त्यात हात आहे. तरी एका जातीला वाचवण्याच्या कामातून दुसरी जात मरणाच्या दारात लोटली गेली, हे लपवण्यासारखं नाही. मासा देशीच होता. नदी त्याची नव्हती.

हे उघडकीला कसं आलं, तेही सांगायला हवं, कारण तिथे गळवाल्यांची बाजू भक्कम होते. कावेरीकाठच्या गळीबोरे छावणीत येणारे हौशी लोक मासा धरून, मोजून, परत सोडत. १९९८ ते २०१२ या काळात त्यांनी धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. अभ्यासकांनी त्या वह्या उलगडल्या तेव्हा दिसलं: निळ्या परांच्या माशांची संख्या वर जातेय, कुबडवाल्यांची खाली. सरकारी खात्याला जे दिसलं नाही, ते छंद म्हणून पाण्यात गळ टाकणाऱ्यांच्या वहीत लिहून ठेवलेलं होतं. म्हणून गळ मोडून टाका, असं मी म्हणणार नाही. पाणवठ्यावर रोज उभा राहणारा माणूस गेला, की पाण्याचा साक्षीदार जातो.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. पहिला पोटाचा. काश्मीर आणि हिमाचलात ट्राउटवर कितीतरी कुटुंबं जगतात, तो बंद करायचा का? मुळीच नाही. तो धंदा बहुतेक सिमेंटच्या वाहत्या हौदांत चालतो. दाणा घालायचा, वजन भरलं की मासा काढायचा, हौद घासून पुन्हा भरायचा. जाळ्या नीट असल्या तर तिथला मासा तिथेच राहतो. तो धंदा आणि उंच तळ्यात ट्राउट सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या पोटापाण्याची ढाल दुसरीपुढे धरणं बरोबर नाही.

दुसरा मुद्दा काळाचा. सव्वाशे वर्षं झाली, आता तो तिथलाच झाला. बटाटा आणि मिरचीही बाहेरून आली, ती आपण काढतो का? हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण बटाटा शेतात असतो, आणि एक वर्ष लावला नाही तर नसतो. रानात जाऊन तो तिथलं गवत खात नाही. सोडलेला मासा स्वतःची शेती स्वतः करतो. लिद्दर किंवा सिंध नदीतला ट्राउट आता काढता येणार नाही, तो नाद कुणी करूही नये. पण वरच्या एखाद्या बंद तळ्यात तो अजून पोचलेला नसेल, तर 'आता काय, सगळीकडे आहेच' म्हणून तिथेही सोडणं, हे झालेल्या चुकीला परंपरा म्हणण्यासारखं आहे.

तिसरा मुद्दा जास्त खोल आहे. निसर्ग स्वतःच जीव इकडून तिकडे नेत नाही का? बगळ्याच्या पायाला, बदकाच्या पोटातून अंडी जातातच की. जात असतीलही. पण सिएरातली तळी हिमयुगानंतर हजारो वर्षं बिनमाशाची राहिली, यावरून तो प्रवास किती विरळा हे समजतं. हजारो वर्षांत जे क्वचित घडतं, ते आपण एका दुपारी विमानातून घडवतो. दोन्हींना 'निसर्गाची हालचाल' म्हणायचं असेल, तर पावसालाही आणि फुटलेल्या धरणालाही आपण पाणीच म्हणतो.

मग मासा सोडावा तरी कुठे? इथे शेततळं उपयोगी पडतं. येवल्यानं जगाला शिकवावं असं काही यात आहे. शेततळ्यात मासे सोडतात ती वेळ बघण्यासारखी असते. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टेंपोतून उतरतात. आत करंगळीएवढी बोटुकली गच्च असते: कटला, रोहू, मृगळ. घाईचा माणूस पिशवी फोडून ओतायला जातो आणि जाणता त्याचा हात धरतो. पिशव्या तशाच बंद, पाण्यावर तरंगत ठेवायच्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं. मग तोंड सोडून तळ्याचं थोडं पाणी आत घ्यायचं, आणि पिल्लं आपल्या पायानं, म्हणजे परानं, बाहेर पडू द्यायची. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. उन्हाळ्यात पाणी पिकाला उपसत आणलं, की उरलेल्या पाण्यात जाळं ओढून मासा काढायचा. कागद उघडा पडतो. तळं पुन्हा कोरं.

हे तिन्ही मासे मुळात मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्कानं त्यांची कृत्रिम पैदास साधली, म्हणून बोटुकली आज येवल्यापर्यंत पोचते. तरीही शेततळ्यात ते गुन्हेगार ठरत नाहीत, कारण तिथे दोन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळतात. या पाण्यात आधीपासून कुणी राहत होतं का? नाही, काल तिथे नुसता कागद होता. आणि सोडलेलं परत काढता येईल का? येईल, उन्हाळ्यात तळं आटतंच. म्हणून नियम एकाच वाक्यात बसतो: जे पाणी आपल्याला उपसून रिकामं करता येतं, त्यातच मासा सोडावा.

नियमाला अपवादही जोडले पाहिजेत. शेततळं अतिवृष्टीत सांडलं, तर मासा ओढ्याला लागतो. तेव्हा सांडव्याला जाळी हवीच. आणि काही मासे शेततळ्यातही नकोत. आफ्रिकन मांगूर हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि समोर येईल ते खातो. त्याच्या संवर्धनावर केंद्रानं २००० मध्ये बंदी घातली, राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये पुन्हा बजावलं, तरी तो चोरून वाढवला जातो. चिलापीचं काय झालं ते उजनीच्या काठावरच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. १९५२ मध्ये ती भारतात आली ती भरपूर आणि स्वस्त मासा म्हणून. आज उजनीच्या जाळ्यात चिलापीच चिलापी, आणि जुन्या माशांची चव आठवणारी पिढी म्हातारी झाली.

सगळ्यांत अवघड प्रश्न धरणांचा. नांदूर मधमेश्वरचा बंधारा माणसानं बांधला, १९०७ च्या सुमारास, गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली. आज तो रामसर पाणथळ जागा आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातून पहिला मान त्याला मिळाला. हे पाणी बांधलेलं की मूळचं? बांध माणसाचा, पाणी नदीचं. ते उपसता येत नाही, आणि जे तिथे सोडलं ते नाथसागरापर्यंत जाणार. तेव्हा माझ्या नियमानं ते नदीतच मोडतं. तिथे सोडायचाच असेल, तर त्याच खोऱ्यातला, त्याच नदीत आधीपासून असलेला मासा सोडावा. तिथल्या भोई-कोळी बांधवांची उपजीविका हा मुद्दा मला मान्य आहे. पण बोटुकली किती लाख सोडली या आकड्यावर त्यांचं भलं मोजणं सोपं, आणि मरळ, वाम, शिंगटा पुन्हा जाळ्यात येतील इतकी नदी स्वच्छ ठेवणं कठीण. सोपं ते केलं जातं.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक नोंदवह्यांत झाडं असतात, पक्षी असतात, औषधी मुळ्या असतात. मासे असले तर चार ओळींत. गावातल्या जुन्या मासेमाराला बसवून, ओढ्यात-डोहात-टाक्यात काय होतं, काय उरलं आणि काय नवं आलं हे लिहून घ्यायला एक उन्हाळा पुरे. ती यादी हाती असल्याशिवाय गावच्या नैसर्गिक पाण्यात एकही बोटुकली पडू नये, असा ठराव ग्रामसभा करू शकते. महाडजवळच्या वाळणकोंडीतला महाशीर देवीचा म्हणून लोकांनी राखला, तेव्हा त्यांच्याकडे ना वही होती ना कायदा. तिथे कुणी काही सोडून पुण्य मिळवलं नाही. होतं ते धरलं नाही, एवढंच केलं.

आणि ट्रेकरनं? काश्मीरच्या तळ्यावर परवाना काढून ट्राउट धरणाऱ्यानं अपराधी वाटून घेऊ नये. उलट तिथे तो एकच मासा असा आहे, की धरून, भाजून खाल्ला तर तळ्याचं नुकसान होण्याचा संभव सगळ्यांत कमी. परवान्याच्या मर्यादेत राहून खावा. धरून सोडण्याचं सोवळं कावेरीतल्या कुबडवाल्यासाठी राखून ठेवावं. मात्र तळं अस्पर्श आहे, असं फोटोखाली लिहू नये. आणि साल्हेरच्या गंगासागरात किंवा अंकाईवरच्या टाक्यात पाणी शांत, काळं, रिकामं दिसलं, तर पुढच्या खेपेला बाटलीतून चार मासे आणायचा विचार मनात आणू नये.

येवल्याच्या माणसाला हे पटवणं अवघड जाऊ नये. पाणी उधळू नये, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात एवढंच जोडायचं, की न वापरलेलं पाणी नेहमीच वाया गेलेलं नसतं. काही पाण्याचा वापर आपल्या आधीपासून दुसरं कुणी तरी करत असतं, आणि त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं.